खडकावरची मोरशिखा

पंच गुरुवारी येणार होते आणि रोडग्यांवर तूप सढळ हातानं पडलं पाहिजे, असा हुकूम जानरावांनी सोमवारीच सोडला. निकाल त्यांनी मनाशी आधीच लावून टाकला होता. उरलं होतं ते फक्त तूप.

तुळसाबाईंनी मान डोलावली. पस्तीस वर्षांच्या संसारात हे एक काम त्यांना झोपेतही जमू लागलं होतं. "किती पानं धरू?" त्यांनी विचारलं.

"पंच पाचच. पन त्यायच्या संगं त्यायचे भाचे, गाडीवाले, अन् नानाजीसंगं त्यायचं पोट. चाळीस धर."

नानाजी म्हणजे जानरावांचे मालेगावचे चुलते, पंचांचे म्होरके. न्यायाला बसले की आधी चुलीवर काय आहे ते विचारत, आणि निकाल बहुधा पचनानंतर देत. नानाजींना कुणी विकत घेऊ शकत नाही, असं भावकीत मोठ्या अभिमानानं सांगितलं जाई. ते खरंच होतं. त्यांना फक्त जेवू घालावं लागे.

भांडण होतं विहिरीमागच्या बरडाचं. तीन वर्षांमागं पटकीच्या साथीत जानरावांचा धाकटा भाऊ इंद्रभान गेला, आणि त्याची बायको मनकर्णा पदरी लेकरू नसताना मागं राहिली. तेव्हा जानरावांनी याच पंचांपुढं तिला पोटगी म्हणून गोठ्याशेजारची खोली आणि विहिरीमागचं बरड लिहून दिलं. अर्धा एकर काळा खडक, वर उंबराची दाट सावली, दक्षिणेला गोठ्याची भिंत. तिथं ऊन कधी फिरकत नव्हतं आणि नांगर जन्मात फिरणार नव्हता. तरी रिठद गावभर जानरावांच्या मोठ्या मनाची वाहवा झाली. कागदात एक अट होती, तीही जानरावांनीच सांगितलेली: जागा लागवडीखाली असेतोवर मनकर्णाबाईचा ताबा, पडीक दिसली की थोरल्या घराकडं परत. शहाणा माणूस गाय दान देतो, पण दावं आपल्या हातात ठेवतो.

मनकर्णेनं त्या खडकावर मोरशिखा लावली. वितीएवढी काडी, तिच्या टोकाला मोराच्या तुऱ्यासारखा इवलासा हिरवा पंखा. पडक्या भिंतींच्या भेगांत ही वनस्पती आपोआप येते आणि कुणी तिच्याकडं ढुंकून पाहत नाही. मनकर्णा जुन्या भिंतींचा चुना खरवडून आणी, त्यात विटेचा चुरा आणि उंबराचा कुजका पाला कालवी, आणि ते मिश्रण खडकाच्या भेगांत बोटांनी दाबून भरी. शेणखताचं नाव नाही. आषाढात पानांच्या पाठीवरची तपकिरी भुकटी ओल्या चुन्यावर झटकायची आणि वर्षभर वाट पाहायची. गाव हसलं. ज्या पिकाला ऊन नको, शेण नको, पाणीही बेताचंच, त्याला पीक म्हणणाऱ्या बाईला नवऱ्याच्या दुःखानं भ्रम झाला असावा, असं शहाण्यांचं मत पडलं. जानराव तर सगळ्यात जास्त हसले.

हसू थांबलं ते यंदाच्या माघात. सरकारी सडकेला गिट्टी हवी होती. वाशिमचा फय्याज ठेकेदार सायकलवरून आला, त्यानं बरडातल्या खडकाला हातोडीचे दोन टोले दिले, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "पाटील, ये तो असली पत्थर है." त्या दोन टोल्यांनी खडकाचं कूळच बदललं. काल जी जागा विधवेच्या गळ्यात घालण्याजोगी होती, ती आज वाडवडिलांची निशाणी झाली.

जानरावांनी विहिरीचा दोर काढून आपल्या खाटेखाली ठेवला. विहीर आटून राहिली, असं त्यांनी गावात सांगितलं. सकाळी घरचं पाणी भरेपर्यंत दोर गड्याच्या हातात, मग पुन्हा खाटेखाली. मनकर्णेला प्यायला दोन घागरी आणि बरडावर थेंब नाही. वैशाख लागेस्तोवर मोरशिखेचे पंखे मिटले, तपकिरी झाले, आणि बरड म्हाताऱ्याच्या दाढीसारखं दिसू लागलं. जानरावांनी ते स्वतः पाहिलं, मिशीला पीळ दिला आणि पंचांना निरोप धाडला.

मंगळवारी प्रयागबाई आल्या, जानरावांची धाकटी बहीण. त्यांच्या नवऱ्यानं मालेगावात दुसरी बायको आणल्यापासून त्या निम्मं वर्ष माहेरीच असत आणि माहेरात हक्कानं गुरगुरत. तुळसाबाईंना दोन मुली, दोन्ही दिल्या घरी गेलेल्या, मुलगा नाही. म्हणून प्रयागबाईंचा दुसरा मुलगा दत्तक घ्यायचं जानरावांनी बोलून ठेवलं होतं, आणि त्या बदल्यात बायकांच्या तोंडून मनकर्णेविरुद्ध जे काही पंचांच्या कानावर जायला हवं ते प्रयागबाई घालणार होत्या.

बहीणभाऊ ओसरीवर बसले. तुळसाबाई शेजारीच गहू निवडत होत्या, पण त्यांच्यामुळं कुणाचं बोलणं अडत नसे.

"दादा, दत्तकाचा कागद झाला का माह्या जिवाचा घोर गेला," प्रयागबाई म्हणाल्या. "मंग मी इथंच येऊन राहीन, पोराजवळ."

"ये ना. घर तुहंच हाय."

"अन् वहिनी?" प्रयागबाईंनी तुळसाबाईंकडं पाहिलं. हे जुनं उखळ हलवायचं की राहू द्यायचं, असा विचार त्या नजरेत होता.

"तिले काय लागते? सालाचे दोन लुगडे, दोन टाइमची भाकर. माह्या मागं पडून राहीन एका खोलीत. बाईमानसाले अजून काय पाह्यजे?"

तुळसाबाईंचा हात सुपात थांबला. हे शब्द त्यांनी याआधी ऐकले होते. इंद्रभानच्या तेराव्याला याच ओसरीवर, याच माणसाच्या तोंडून, मनकर्णेबद्दल. तेव्हा त्यांनी मान डोलावली होती, आणि मनातल्या मनात म्हटलंही होतं, खरंच, तिला आणखी काय लागतं! आज मात्र त्या घाबरल्या. राग मागाहून आला, आधी नुसती भीती वाटली. जानराव साठीला टेकलेले, छातीत कळ येते म्हणून दोनदा अंथरूण धरलेलं. आणि उद्या दोर खाटेखाली ठेवणार होत्या प्रयागबाई.

बुधवारी दुपारी त्या मनकर्णेच्या खोलीकडं गेल्या. का जातोय ते त्यांचं त्यांनाच धड ठाऊक नव्हतं, म्हणून दारातूनच त्यांनी नेहमीच्या वरच्या पट्टीत सुरुवात केली.

"उद्या पंचायपुढं जास्त बोलू नको. पाया पड अन् जागा सोडून दे. खोली तरी राहीन."

"खोली खाऊ का मी?" मनकर्णेनं विचारलं. ती कुणाशी भांडत नसे, पण बोलताना डोळेही खाली घालत नसे, आणि याचाच थोरल्या घराला जास्त राग होता. "बाई, मोरशिखेच्या जुड्या वाशिमचे हकीमसाहेब घेतात. लुगडं, मीठ, तेल, सारं त्याच्यातच. तीन वर्सं झाले, तुमच्या दारात काई मांगाले आली का मी?"

तुळसाबाई आठवू लागल्या आणि आठवेना. खरंच आली नव्हती.

"पन आता तं मेलं ना सारं!"

मनकर्णेनं कोपऱ्यातलं एक खापर उचलून पुढं ठेवलं. खापरात चुन्याच्या गाळात बसवलेला मोरशिखेचा एक गड्डा होता, हिरवागार, सगळे पंखे उघडे. "परवा हे बी तसंच होतं, बाहेरच्यासारखं. माह्या पेयाच्या पान्यातून तांब्याभर घातलं. दिवस मावळेस्तोवर उघडलं."

"मंग पंचायले हे खापर दाखव."

"दादासाहेब म्हनतीन, रानातून हिरवं उपटून आनलं. त्यायच्या डोयापुढं बरडच हिरवं झालं पाह्यजे. दोन घागरीत कसं होईन? भिजाले चांगलं झऱ्यासारखं पानी लागते, सकाळपासून, भेगाभेगात." ती थांबली. "हे झाड तहानेनं मरत नाई, बाई. पन हे पंचायले कोन सांगीन? माह्यं कोन ऐकते?"

"माह्या हातात दोर नाही," तुळसाबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते वाक्य लाजिरवाणं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्यापुढं सुपारीचं तबक ठेवलं आणि सहज म्हणावं तसं म्हटलं, "उद्याची पंगत कुठं मांडू? सोप्यात तं भट्टी लागते. नानाजीले ऊन सोसत नाही."

"मंग?"

"उंबराखाली गारवा हाय. बरडाच्या कडीले. पंचायले जेवता जेवता ते वाळकं बी दिसन. दिसभर डोयापुढं राह्यलं का मनात बसते."

जानरावांचा हात सुपारीवरच थबकला. मग ते खो खो हसले. "तुह्या डोक्यात हे आलं? माह्याच संगतीनं अक्कल आली तुले!" रात्रीपर्यंत ही युक्ती त्यांनी गड्याला, बहिणीला आणि दारावरून जाणाऱ्या दोघांना सांगितली, आणि तिसऱ्याला सांगेपर्यंत ती त्यांची स्वतःची झालेली होती.

गुरुवारी सकाळी गाड्या येऊ लागल्या. पाहुण्यांपुढं विहीर आटल्याचं सोंग करता येईना, कारण घरंदाज पाटलाच्या विहिरीला पाहुण्यापुरतंही पाणी नाही ही बातमी मालेगावापर्यंत गेली असती. जानरावांनी दोर काढून दिला, आणि वर जोरानं ओरडले, "पानी कमी पडू देऊ नका रे!"

बरडाच्या वरच्या अंगाला एक सपाट चिरा होता. तुळसाबाईंनी तांब्याची घंगाळी नेमकी तिथं मांडली. वडीलधाऱ्यांचे पाय यजमानानं स्वतः धुवायचे, ही रीत. जानरावांनी धोतर खोचून नानाजींच्या पायांवर तांब्यामागून तांब्या ओतला, पोटऱ्यांपर्यंत, भक्तीनं. पाणी चिऱ्यावरून खाली ओघळलं आणि भेगांत नाहीसं झालं. मग दुसरे पंच, मग भाचे. गाडीवाल्यांनी तर अंघोळीच उरकल्या.

बारा वाजता पंगत बसली. रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि आमरस. एकेक रोडगा फोडून त्याची वाटी करायची आणि ती तुपानं भरायची, असं जानराव स्वतः फिरून फिरून करवत होते.

"पाह्यलं का नानाजी," त्यांनी बोट दाखवलं. "हे तिची लागवड. काडीले काडी नाही!"

"वाळलं खरं," नानाजींनी तिकडं न पाहता म्हटलं. "जानराव, रस कोन्या झाडाचा हाय?"

जेवणं झाली आणि चाळीस माणसं एकदम आंचवायला उठली. तूप आणि आमरस यांनी कोपरापर्यंत माखलेले हात एका तांब्यानं निघत नाहीत. माणशी चार-चार तांबे लागले. खळखळून चुळा भरल्या गेल्या, मिशा धुतल्या गेल्या, आणि ते सगळं पाणी त्या चिऱ्यावरून, सावलीत, थंडपणे बरडात उतरत राहिलं. कितीही झालं तरी पाटलाचं पाणी! जानराव शेवटी स्वतः आंचवले, आणि घराण्याच्या इभ्रतीला शोभेल असे सहा तांबे त्यांनी एकट्यानं घेतले. गोठ्याच्या दारात उभी राहून मनकर्णा पाहत होती. तुळसाबाईंनी तिच्याकडं पाहायचं टाळलं, नाहीतर दोघींना हसू आवरलं नसतं.

मग पंच घोरू लागले. ऊन कलल्याशिवाय जागेची पाहणी करणं नानाजींच्या प्रकृतीला मानवत नसे.

तीनच्या सुमाराला प्रयागबाई धापा टाकत चुलीपाशी आल्या. "वहिनी! ते झाड... ते हालून राह्यलं! अर्धं उघडलं. दादाले उठवतो, बैलं घालून तुडवून टाकतीन."

तुळसाबाई राखेनं परात घासत होत्या. घासणं त्यांनी थांबवलं नाही. "उठवा. पन मले आधी एक सांगा, प्रयागबाई. मालेगावच्या घरात तुमच्या नावाचं काय हाय?"

"म्हंजे?"

"खोली? विहीर? खडक तरी?"

मालेगावच्या घरात प्रयागबाईंच्या नावाची एक पेटी होती, आणि तिची किल्ली सवतीच्या कमरेला.

"पोरगं दत्तक गेलं का ते माह्यं झालं," तुळसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या त्याची बायको तुमाले अन् मले एकाच खोलीत टाकन. दोन लुगडे, दोन टाइमची भाकर. आज मनकर्णीले खडकावरून उठवलं, तं आपल्याले कायच्यावरून उठवतीन? आपल्याजवळ तं खडक बी नाही."

प्रयागबाईंनी खाली बसून दुसरी परात ओढली आणि घासू लागल्या. जानरावांना कुणी उठवलं नाही.

ऊन कललं. पंच जांभया देत बरडाशी आले, लेखणीदौत घेऊन कागद लिहिणारा माणूस मागं, आणि तेवढ्यात सायकलवरून फय्याज ठेकेदारही येऊन उभा राहिला, कारण जानरावांनी त्याला सौदा करायला आजच बोलावलं होतं. जानराव पुढं झाले. "घ्या पाहून. पडीकच..."

चिऱ्यापासून खालच्या टोकापर्यंत, भेग न् भेग, हजारो बारके पंखे उघडून हिरवे झाले होते. बरड सकाळचं नव्हतंच.

"हे कवा झालं?" जानरावांच्या तोंडून निघालं.

"तुमीच तं पानी देल्लं, दादासाहेब," मनकर्णा शांतपणे म्हणाली. "पंचायच्या पायावरून, पंचायच्या हातावरून. देवच पावला म्हना."

एका भाच्याला हसू फुटलं. जानराव लालबुंद झाले. "हिरवं झालं म्हून काय लागवड झाली? गवत हाय गवत! हे काय पीक हाय? कोनी पैसा देते का याले?"

नानाजींनी मान हलवली. मुद्दा कायद्याचा होता. पीक तेच, ज्याला गिऱ्हाईक असतं. ते मनकर्णेला काही विचारणार, एवढ्यात फय्याज सायकल टेकवून वाकला, एक पंखा बोटात धरला आणि खुशीत ओरडला, "अरे, ये तो मोरशिखा है! हमारे छोटे के पेट में जंत हो गए थे, तो हकीमसाब ने येईच दी. हमारी घरवाली अमीनाबी हर जुम्मे को पुडिया लाती, पैसे गिन के. पाटील, तुम्हारे घर में इत्ती पैदावार है और हम वाशिम में मोल लेते?"

आपण काय बोललो ते त्याला जानरावांच्या चेहऱ्यावरून कळलं, पण तोवर नानाजींनी हात वर केला होता. "झालं. गिऱ्हाईक तुमचंच, जानराव, साक्ष बी तुमचीच. लागवड हाय. ताबा मनकर्णाबाईचा. लिही रे."

लेखणी चालू लागली. एवढ्यात बायकांच्या बाजूनं तुळसाबाई पुढं आल्या. पदर डोक्यावर होता, पण पाय थांबले नाहीत. पंचांपुढं त्या अशा कधीच आल्या नव्हत्या.

"नानाजी, हातासरशी माह्यं बी लिहा. ह्यायच्या मागं मले खोली, चार एकर काळी, अन् विहिरीचं पानी. कोनाले न मांगता."

"अवो, याड लागलं का तुले?" जानराव गरजले. "मी जिता हाओ अजून!"

"म्हूनच लिहून मांगून राह्यली. मेल्यावर कोन लिहून देते? इंद्रभानभाऊजी बी लिहून ठेवतो म्हनत होते."

नानाजींनी पोटावरून हात फिरवला. दुपारचे रोडगे याच बाईच्या हातचे होते, आणि त्यांनी लिहिणाऱ्याला दुसरा कागद काढायला सांगितलं. जानरावांनी आधारासाठी बहिणीकडं पाहिलं. त्यांच्या बाजूनं उभं राहायचं ठरलेलं ते एकच माणूस उरलं होतं.

प्रयागबाईंनी राखेचे हात पदराला पुसले. "लिहून टाक दादा," त्या म्हणाल्या. "अन् हे झालं का या लिहिनाऱ्याले उद्याच मालेगावले धाड. माह्या घरी बी काम हाय त्याले."

जानरावांनी बहिणीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं सहीसाठी लेखणी हातात घेतली.